कंबरदुखी, कोअरचे व्यायाम आणि ‘वाकू नका’ हा सल्ला



जुन्या कंबरदुखीचा पेशंट माझ्यासमोर येऊन बसतो तेव्हा त्याच्यासोबत बहुधा तीन गोष्टी असतात. एमआरआयचं मोठं पाकीट, कमरेला बांधलेला पट्टा, आणि कधीतरी कुणीतरी दिलेला सल्ला: वाकू नका, जड उचलू नका, खाली बसू नका. पाकीट बघायला पाच मिनिटं लागतात. पट्टा हळूहळू सुटतो. तो सल्ला डोक्यातून निघायला मात्र महिने जातात.

आजचा लेख त्या सल्ल्याबद्दल आहे, आणि त्यावर उतारा म्हणून मी जे व्यायाम शिकवतो त्यांच्याबद्दल. त्यांना कोअरचे व्यायाम म्हणतात. तुमच्यापैकी अनेकांनी हा शब्द यूट्यूबवर किंवा जिममध्ये ऐकला असेल आणि त्याचा संबंध सपाट पोटाशी लावला असेल. तो संबंध आत्ताच सोडून द्या. या व्यायामांनी पोट कमी होत नाही. मी ते दोन वर्षांहून जास्त काळ करतो आहे आणि माझा शर्टाचा साइज तोच आहे.

गेल्या वर्षी एक काकू आल्या होत्या. वय सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस. (ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदलले आहेत.) रोजाने खुरपणीला जाणाऱ्या, आमच्या भागात भांगलण म्हणतात. दोन वर्षांपूर्वी भांगलताना त्यांची कंबर धरली. तेव्हा ‘मणक्यात गॅप आलाय, आता आयुष्यभर वाकायचं नाही’ असं त्यांना सांगितलं गेलं. त्यांनी ते तंतोतंत पाळलं. आधी शेतावर जाणं सुटलं. मग केर काढणं सुनेकडे गेलं. मग पंगतीत खाली बसणं बंद झालं. माझ्याकडे आल्या तेव्हा खुर्चीत बसायला दोन्ही हातांनी टेबल धरत होत्या. दुखणं दोन वर्षांपूर्वी होतं त्यापेक्षा जास्त होतं. तपासून झाल्यावर त्यांनी विचारलं, ‘डॉक्टर, वाकायचं न्हाई म्हणत्यात. मग खायचं काय?’

या प्रश्नाला ‘आराम करा’ हे उत्तर होऊ शकत नाही. आपलं आयुष्य वाकण्याचं आहे. ऊसतोड, भांगलण, लावण ही कामं सोडाच. केर काढणं, लेकराला उचलणं, बादली उचलणं, गादीखाली चादर खोचणं, संडासला बसणं, यातलं काय न वाकता होतं? न वाकता जगायचं तर घरात चार माणसं हाताखाली हवीत.

पण व्यायामाकडे वळण्याआधी एक पायरी आहे. ती वगळू नका.

कोणत्या कंबरदुखीत आधी डॉक्टर?

मी ज्या कंबरदुखीबद्दल बोलतो आहे ती तीन महिन्यांपेक्षा जुनी, कमी-जास्त होणारी, हालचालीनुसार बदलणारी अशी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार सुमारे ९० टक्के कंबरदुखी अशी असते की तिच्यामागे एखादा ठरावीक आजार सापडत नाही. उरलेल्या १० टक्क्यांसाठी हा लेख नाही.

लघवी-संडासवरचा ताबा सुटला, किंवा लघवी तुंबली, किंवा बसण्याच्या जागेला बधिरपणा आला, तर तो तासाभराचाही उशीर न करण्याचा प्रसंग आहे. रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठा. पाऊल उचलता येत नाही, चप्पल पायातून निसटते, हेही लगेच दाखवायचं लक्षण. कंबरदुखीबरोबर संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, भूक मंदावणं असेल तर आपल्या देशात मणक्याच्या टीबीचा विचार करावाच लागतो. आधी कधी कॅन्सर झाला असेल, बराच काळ स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील, पडल्यानंतर दुखायला लागलं असेल, उतारवयात अचानक कळ आली असेल, तर आधी तपासणी. आणि एक गट नेहमी निसटतो: विशी-तिशीतली मुलं, ज्यांची कंबर सकाळी तासभर आखडलेली असते, पहाटे दुखण्याने जाग येते आणि चालायला-फिरायला लागलं की बरं वाटतं. हा सांध्यांच्या सुजेचा वेगळा आजार असू शकतो. त्याची औषधं वेगळी आहेत आणि ती वेळेत मिळाली पाहिजेत.

यातलं काही नसेल तर पुढे वाचा.

‘गॅप’ म्हणजे काय?

‘गॅप’ हा शब्द मला एमआरआयच्या एकाही रिपोर्टमध्ये आजवर सापडलेला नाही. रिपोर्टमध्ये लिहिलेलं असतं ते असं की दोन मणक्यांमधली गादी सुकली आहे, तिची उंची कमी झाली आहे किंवा ती थोडी बाहेर फुगली आहे. म्हणजे खरं तर जागा वाढलेली नसून कमी झालेली असते. पण ‘गॅप’ म्हटलं की माणसाच्या डोळ्यांसमोर पाठीच्या मधोमध पडलेली भेग येते, आणि भेग पडलेल्या भिंतीला कोण टेकेल?

२०१५ साली एक मोठं संकलन प्रसिद्ध झालं. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा ३ हजारांहून अधिक लोकांच्या पाठीचे फोटो, सीटी स्कॅन आणि एमआरआय, त्यात एकत्र अभ्यासले होते. विशीतल्या लोकांमध्ये ३७ टक्क्यांच्या गाद्यांची झीज झालेली दिसली. पन्नाशीतल्या लोकांमध्ये ८० टक्के, आणि ऐंशीतल्या लोकांमध्ये ९६ टक्के. गादी फुगलेली दिसण्याचं प्रमाण पन्नाशीत ६० टक्के होतं. पुन्हा सांगतो, ही न दुखणारी माणसं. मी स्वतः पन्नाशी ओलांडली आहे. माझा एमआरआय मी काढलेला नाही, पण काढला तर त्यात काहीबाही सापडेलच असं समजून चालतो. केस पांढरे होतात तसं हे. एमआरआय निरुपयोगी आहे असं माझं म्हणणं नाही. वर सांगितलेल्या धोक्याच्या लक्षणांमध्ये तो लागतोच, आणि पायात उतरणारी कळ नसेमुळे असेल तर त्याची मदत होते. पण त्या कागदावरून तुमची पाठ किती वजन पेलू शकते ते कळत नाही.

कोअर म्हणजे नेमकं काय?

पत्र्याचा एक डबा डोळ्यांसमोर आणा. वरचं झाकण म्हणजे श्वासपटल. तळ म्हणजे ओटीपोटाच्या खालचे, लघवी आवळून धरणारे स्नायू. समोरची आणि बाजूची भिंत म्हणजे पोटाचे स्नायू. त्यातला सगळ्यात आतला थर पट्ट्यासारखा आडवा गुंडाळलेला असतो. मागे, मणक्यांना लागून, एका मणक्यातून दुसऱ्यात अडकवलेले छोटे छोटे स्नायू. हा डबा झाकण लावून भरलेला असेल तर त्यावर उभं राहता येतं. रिकामा, झाकण उघडं असेल तर तोच पत्रा पायाखाली चेपतो. डोक्यावर भरलेली घागर घेऊन पायवाटेने चालणाऱ्या बाईचं कोअर कुठल्याही जिमवाल्यापेक्षा चांगलं चालत असतं. तिला तो शब्द माहीत नसतो इतकंच.

या विषयाची सुरुवात झाली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात. पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी १९९६ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाला उभं करायचं आणि हात झटकन वर करायला सांगायचं. निरोगी माणसात हाताचा स्नायू हलण्याआधीच पोटाचा तो आतला थर आवळला जात होता. शरीर आधी पाया पक्का करतं आणि मग हात हलवतं. कंबरदुखीच्या लोकांमध्ये हा थर उशिरा आवळला जात होता. उशीर सेकंदाच्या अगदी लहान अंशाचा, पण स्पष्ट. त्याच गटातल्या ज्युली हाइड्स यांना असं दिसलं की पहिल्यांदा कंबर धरल्यावर मणक्याजवळचा छोटा स्नायू दुखऱ्या बाजूला बारीक होतो, आणि दुखणं थांबलं तरी तो आपोआप पूर्ववत होत नाही.

यातून जगभर एक लाट आली. कोअर कमजोर, म्हणून कंबर दुखते. कोअर मजबूत करा, दुखणं जाईल. ऐकायला छान. पण पुढे जेव्हा या व्यायामांची इतर व्यायामांशी तुलना झाली, तेव्हा चित्र साधं राहिलं नाही. २०१६ च्या कॉक्रेन परीक्षणात असं दिसलं की हे खास व्यायाम काहीच न करण्यापेक्षा चांगले, पण इतर प्रकारच्या व्यायामांपेक्षा ठळकपणे चांगले नाहीत. २०२१ च्या परीक्षणात तर सगळ्या प्रकारच्या व्यायामांच्या २४९ चाचण्या होत्या. व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत दुखणं १०० पैकी सुमारे १५ गुणांनी कमी झालं. चमत्कार नाही. पण दर आठवड्याला दुखण्याची गोळी खाऊन जठर आणि किडनी खर्ची घालणाऱ्या माणसाला हे १५ गुण फुकटात मिळत असतील तर मला ते मोठे वाटतात.

मग कोअरच्या व्यायामांना इतर व्यायामांपेक्षा जास्त महत्त्व नसेल तर मी तेच का शिकवतो? कारण घाबरलेल्या माणसाला ते करता येतात. ज्याला दोन वर्षं ‘वाकलास तर मणका मोडेल’ असं वाटत आलं आहे त्याला मी सूर्यनमस्कार घालायला सांगितले तर तो पुन्हा दवाखान्याची पायरी चढणार नाही. पण सतरंजीवर पडून एक पाय हळूच सरकवायला सांगितला तर तो करतो. काहीच मोडत नाही. दुसऱ्या दिवशी पाय थोडा जास्त सरकतो. पंधरा दिवसांनी तो रांगण्याच्या स्थितीत हात-पाय उचलतो. पाठीचा स्नायू किती जाड झाला ते मी मोजत नाही. हा माणूस आज काय करायला धजतोय, ते बघतो.

माझं स्वतःचं कारण सांगतो. माझ्या आईला पक्षाघाताचा झटका आला आणि ती तीन वर्षं अंथरुणाला होती. दिवसा एक मावशी यायच्या. रात्री मी आणि माझी पत्नी. कूस बदलणं, पाठीखाली उशी सरकवणं, कमोडच्या खुर्चीवर बसवणं आणि परत उचलून आणणं. आई किरकोळ बाई होती, पण निर्जीव अर्ध्या अंगाचं वजन वेगळं असतं. ते तुम्हाला मदत करत नाही. माझी कंबर त्याआधीही पाच-सहा वर्षं अधूनमधून दुखायची. त्या दिवसांत ती रोज दुखू लागली. रात्री हाक आली की मला आधी काळजी वाटायची ती माझ्या कमरेची, आणि त्या विचाराची लाज वाटायची. मी गोळ्या लिहून देणारा माणूस आहे, गोळ्या कपाटात होत्या. पण तीन वर्षं रोज गोळी घ्यायची नाही हे मला कळत होतं, आणि मी निजून राहिलो तर आईला कोण उचलणार हेही.

आमच्या गावच्या फिजिओथेरपिस्टने मला बसवून, म्हणजे झोपवून, पाच व्यायाम शिकवले. सकाळी ओपीडीच्या आधी बारा मिनिटं. पहिले तीन आठवडे काहीही फरक पडला नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण माझे निम्मे पेशंट दहाव्या दिवशी सोडतात. सहाव्या आठवड्यात एका रात्री आईला खुर्चीवर बसवून झालं आणि मी कंबर धरली नव्हती हे पत्नीच्या लक्षात आलं, माझ्या नाही. दुखणं पूर्ण गेलं नाही. आजही लांबच्या प्रवासानंतर जाणवतं. आई गेली त्याला आता दोन वर्षं होतील. शेवटच्या आठवड्यापर्यंत तिला आम्हीच उचलत होतो.

व्यायाम कसे करायचे?

जाड सतरंजी किंवा चटई पुरे. गुडघ्यांमुळे खाली बसता येत नसेल तर कडक दिवाणावर करा. मऊ गादीवर नको. जेवणानंतर दोन तास जाऊ द्या. सकाळी उठल्या उठल्या कंबर आखडलेली असेल तर आधी घरातल्या घरात दहा-पंधरा मिनिटं वावरा.

पहिला व्यायाम श्वासाचा, आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा. पाठीवर झोपा, गुडघे दुमडा, तळवे जमिनीवर. नाकाने श्वास घ्या, पोट वर येऊ द्या. श्वास सोडताना बेंबीखालचं पोट अलगद आत घ्या आणि लघवी थांबवताना करतो तसं खालून थोडं आवळा. किती जोरात? सोळा आण्यांपैकी चार आणे. पाच सेकंद तसंच धरा आणि या पाच सेकंदांत मोठ्याने अंक मोजा. मोजणं मोठ्यानेच करा, मनात नको. बोलत असलात की श्वास रोखला जात नाही. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब वाढतो, म्हणून बीपीच्या पेशंटना मी हा नियम सगळ्या व्यायामांसाठी घालून देतो.

हे जमलं की याच स्थितीत, पोट तसंच आवळून, एक टाच जमिनीवरून हळूहळू पुढे सरकवा आणि परत आणा. मग दुसरी. कमरेखाली एक तळहात ठेवा. पाय सरकताना कमरेची कमान उंचावून हात मोकळा व्हायला लागला तर तुम्ही जास्त पुढे गेलात. आठवड्या-दोन आठवड्यांनी दोन्ही गुडघे हवेत, दोन्ही हात छताकडे, आणि उजवा हात डोक्याकडे नेताना डावा पाय खाली. उताणं पडलेलं झुरळ पाय हलवतं तसं. या व्यायामाच्या इंग्रजी नावाचा अर्थही तोच आहे.

तिसरा म्हणजे आपलं सेतुबंधासन. पोट आवळून, कुल्ल्यांच्या जोरावर कंबर उचला; खांदे, कंबर, गुडघे एका रेषेत आले की थांबा. त्याहून वर नेऊन कमरेची कमान करण्यात काही शौर्य नाही.

चौथा माझा लाडका. रांगणाऱ्या बाळासारखे हात आणि गुडघ्यांवर या. कमरेवर पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी ठेवली आहे असं समजा. आता उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे लांब करा, पाणी न सांडता. पाच सेकंद. मग बाजू बदला. सुरुवातीला नुसता पाय उचला, नुसता हात उचला. इथे घाई करणारे सगळे डुलतात. डुललात तर एक पायरी मागे या.

पाचवा कुशीवरचा. कोपर खांद्याच्या बरोबर खाली, गुडघे दुमडलेले, आणि कोपर व गुडघ्यांच्या आधाराने कंबर जमिनीवरून उचलायची. हा अवघड आहे. खांदा दुखत असेल तर उभं राहून भिंतीला कोपर टेकून करा. कॅनडातले स्टुअर्ट मॅकगिल, ज्यांनी पाठीच्या व्यायामांवर वॉटर्लू विद्यापीठात आयुष्य घालवलं, त्यांच्या प्रसिद्ध तीन व्यायामांपैकी दोन म्हणजे हे चौथा आणि पाचवा. तिसऱ्यात पाठीवर झोपून डोकं-खांदे जरासे उचलायचे असतात. मानेचा त्रास किंवा हाडं ठिसूळ असणाऱ्यांना मी तो देत नाही, म्हणून इथे सविस्तर सांगत नाही. शाळेतल्या पीटीच्या तासाला करायचो त्या पूर्ण उठाबशा, म्हणजे झोपून उठून बसण्याच्या, या दुखण्यात कुणीच करू नयेत.

प्रत्येक व्यायाम पाच वेळा, पाच सेकंद धरून, आठवड्यातून पाच दिवस. हळूहळू दहा सेकंदांपर्यंत जा. त्यापुढे सेकंद वाढवू नका, वेळा वाढवा. दोन-दोन मिनिटं प्लँक धरण्याच्या स्पर्धेचा कंबरदुखीशी संबंध नाही. शेजारच्या मुलाने चार मिनिटं धरला असेल तर त्याचं कौतुक करा आणि आपल्या सतरंजीवर या.

व्यायाम करताना थोडं दुखणं चालेल. दहापैकी तीन-चार इतकं, आणि दुसऱ्या सकाळपर्यंत निवलेलं. कळ कमरेतून पायात उतरू लागली, मुंग्या वाढल्या, तर तो व्यायाम थांबवा आणि दाखवा. बाळंतपण नुकतंच झालेल्या, पोटाचं ऑपरेशन झालेल्या, हर्निया असलेल्या लोकांनी विचारल्याशिवाय सुरू करू नये. आणि पहिल्यांदा एकदा तरी फिजिओथेरपिस्टकडून समोर बसून शिकून घ्या. लेख वाचून पोहायला येत नाही.

याच्या जोडीला चालणं. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत, कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या लोकांना टप्प्याटप्प्याने चालायला लावलं आणि पाठीबद्दल समजावून सांगितलं. दुखणं परत यायला त्यांना सरासरी २०८ दिवस लागले. ज्यांना असं काही दिलं नव्हतं त्यांना ११२. चालायला ना सतरंजी लागते ना फी.

एक चूक मात्र हुशार पेशंट हमखास करतात. व्यायामात शिकलेलं पोट आवळणं ते दिवसभर करत राहतात. बसताना, चालताना, भाजी चिरतानाही. मूठ आवळून ठेवलेल्या हाताने तुम्ही दिवसभर काम कराल का? ती मूठ तासाभरात दुखायला लागेल. कंबरेचंही तेच. आवळणं जड उचलताना, बाकी वेळ सैल. पट्ट्याबद्दल माझी नाराजीही यामुळेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या डिसेंबरमध्ये जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केलं. त्यात पट्टे आणि वजन लावून ताणणं हे दोन्ही नेहमीचे उपचार म्हणून वापरू नयेत असं म्हटलं आहे, आणि व्यायाम सुचवला आहे. पट्टा एकदम फेकू नका. आधी घरात काढा, मग बाजारात जाताना काढा.

वाकणं परत कसं आणायचं?

सहा आठवड्यांनंतर व्यायाम सतरंजीवरून उठून कामात यायला हवेत, नाहीतर माणूस सतरंजीवर पैलवान आणि विहिरीवर भित्रा राहतो. एक काठी पाठीला उभी लावा: डोक्याचा मागचा भाग, पाठ आणि माकडहाड तिन्हींना टेकलेली. आता गुडघे जरासे दुमडून, कुल्ले मागे ढकलत, मंदिरात कुणाला नमस्कार करावा तसं पुढे झुका. काठी तिन्ही ठिकाणी टेकलेली राहू द्या. हे जमलं की रिकामी कळशी. दोन आठवड्यांनी अर्धी. मग भरलेली. कळशी अंगाजवळ, श्वास सोडत उचलायची. पुढे पुढे काठीही सोडा आणि पाठीला थोडी गोलाई येऊ द्या, कारण चपलेचा पट्टा लावताना पाठ गोल होणारच, ती त्यासाठीच बनली आहे.

त्या काकूंनी नेमकं हेच केलं, पण त्यांची खरी अडचण व्यायामाची नव्हतीच. दोन खोल्यांचं घर, दारात कायम कुणीतरी, आणि लुगडं नेसून सगळ्यांसमोर पाय वर कसे करायचे? ही अडचण मला फार बायकांनी सांगितली आहे आणि कुठल्याही पुस्तकात तिचं उत्तर नाही. त्यांनी ते स्वतः शोधलं. दुपारी माणसं रानात गेली की आतली खोली, कडी लावून, मुलाची जुनी ट्रॅक पँट घालून. सुनेला आधी हसू आलं, मग तीही शेजारी पडून करू लागली. चौथ्या महिन्यात त्या अर्ध्या रोजावर भांगलायला गेल्या. सगळ्या बायका ओळीत ओणव्या असतात तेव्हा या एका सरीला ओणव्या, पुढच्या सरीला उकिडव्या, आणि सरी संपली की उभं राहून पाठ मागे ताणणार. मुकादम पहिले दोन दिवस बडबडला. दुखणं विचारलं तर सांगतात, ‘हाय की, चार आणे.’ पूर्ण रोज अजून झेपत नाही. झेपेल की नाही मला सांगता येत नाही, पण नातवाला कडेवर घेऊन फिरतात.

शेवटी, पुन्हा कंबर धरली तर?

धरेल. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे त्या दिवशी ‘सगळं वाया गेलं’ असं वाटणार नाही. उसण भरली की पहिला दिवस, फार तर दोन, हलकं राहा. पण अंथरुणात पडून राहू नका. गरम शेक घ्या. तासातासाला उठून घरात चार फेऱ्या मारा. दुखण्याची गोळी लागली तर दोन-तीन दिवसांपुरती आणि डॉक्टरांना विचारून. मधुमेह, बीपी, किडनी, ॲसिडिटी असणाऱ्यांनी दुकानातून परस्पर आणू नये. वर सांगितलेलं धोक्याचं एखादं लक्षण आहे का ते बघा. नसेल तर तिसऱ्या दिवशी पाठीवर झोपा आणि श्वासाचा पहिला व्यायाम करा. चौथ्या दिवशी टाच सरकवा. बाकीचे व्यायाम निम्म्या आकड्यांनी सुरू करा. कळशी आठवडाभर अर्धीच भरा.